पायदुखीची फिर्याद आणि अंगणातले ऊन

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात दिवेलागण झाली, जेवणे आटोपून अंथरुणे पडली, की एखादे आठ-नऊ वर्षांचे मूल आजीच्या मांडीवर पाय टाकून ‘आजी, पाय चेप ना गं’ अशी विनवणी करते, आणि तीही कोमट खोबरेलाने त्याच्या पोटऱ्या चोळता चोळता ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल आपोआप’ असा निर्वाळा देते. पुष्कळदा तो खराही ठरतो. कारण दोन्ही पायांत रात्री उठणारी आणि सकाळी मागमूसही न ठेवणारी वेदना बहुधा निरुपद्रवी असते. परंतु हीच तक्रार महिनोन्महिने चालली, मूल उठताना गुडघ्यांवर हात टेकू लागले, जिना चढताना थकू लागले, तर त्या लहानग्याची फिर्याद दाखल करून न घेताच निकालात काढणे हा अन्याय होय.

अशा दुखण्याचे एक संभाव्य कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाचा अभाव. उन्हातील अतिनील किरणांनी हे जीवनसत्त्व त्वचेत सिद्ध होते, यकृत आणि मूत्रपिंड त्याला कार्यक्षम रूप देतात, आणि मग त्याच्या हुकमाने आतडी अन्नातील कॅल्शियम नीट शोषून घेतात. तो हुकूम सुटला नाही, तर हाडे मऊ राहून ठणकतात, स्नायू दुर्बल होतात, आणि अभाव तीव्र असल्यास पाय वाकून मुडदूस होतो.

याचा बोलका दाखला याच मुलखाशेजारी, नाशिकात मिळाला. तेथील पाहणीवरून हचिसन आणि शहा या वैद्यांनी १९२२ साली दाखवून दिले, की पडद्याआड वाढणाऱ्या सुखवस्तू घरांतील मुलांना खाण्यापिण्याची ददात नसूनही मुडदूस होत होता, आणि ज्यांच्या ताटात फारसे काही नव्हते, परंतु ज्यांचा दिवस उघड्यावर जाई, ती गरिबांची मुले त्यातून सुटत होती.

आज पडदा निराळा आहे. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत दुपार सरते, भिवंडी शहरातील यंत्रमागांच्या दाट वस्तीत अंगणच उरत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने सूर्य ढगांआड असतो. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील किशोरवयीन मुलांपैकी २४ टक्क्यांत हा अभाव आढळला.

उपाय खर्चाचा नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते त्या वेळेचे ऊन हातापायांवर थोडा वेळ घ्यावे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी. अन्नातून ड जीवनसत्त्व अल्पच मिळते, पण कॅल्शियमसाठी नाचणी आहे: १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. मात्र प्रत्येक पायदुखीचा दोष या अभावावर ढकलू नये, आणि ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या पुड्या मनाने तर मुळीच देऊ नयेत. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो. एकाच पायातील वेदना, सांध्याची सूज, ताप, लंगडणे किंवा घटते वजन दिसले, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

आजीच्या हातचे तेल जरूर लावावे, त्या स्पर्शाने मुलाला धीर येतो; परंतु दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला अंगणात खेळायला सोडावे, आणि दुखणे राहिलेच, तर त्याची फिर्याद तालुक्याच्या डॉक्टरांपुढे अवश्य मांडावी.