पावसाळ्यातील कुंड्यांची माती

गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. घरातील व ओसरीवरील क्रोटन, मनीप्लांट यांसारखी झाडे या दिवसांत दगावतात ती बहुधा मुळांना हवा न मिळाल्यामुळे. अंगणातील चिकट माती तशीच भरल्यास तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरून राहतात व मूळकूज लागते.

यास्तव दोन भाग चाळलेली माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत, नदीची जाड रेती व नारळाच्या काथ्याचा भुसा प्रत्येकी एक भाग, असे मिश्रण पावसापूर्वीच करून कोरड्या जागी ठेवावे. समुद्रकाठची वाळू खारट असल्याने वापरू नये. भुसाही गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवावा. मिश्रणाची ओलसर मूठ आवळून बोटाने टोचली असता ढेकूळ सहज फुटावे.

तळाशी खड्यांचा जाड थर देण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तिचा उपयोग नाही. उलट पाणी त्या थरावरील मातीतच अडून राहते. भोकावर एक खापरी पुरे. कुंडीखालील बशीतले पाणी मात्र रोज ओतून टाकावे, कारण डेंग्यू पसरविणारे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात.