विमानतळाची हद्द कुठे संपते?

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या संकल्पनेवर बोललो. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं, “सर, न्यायशास्त्र ठीक आहे, पण रोजच्या जगण्यात त्याचं काय?” आज उत्तर देतो, आणि तेही आपल्या शेजारच्या चिकलठाणा विमानतळाचं उदाहरण घेऊन. जालन्याच्या माणसाला मुंबई-दिल्लीचं विमान पकडायचं तर वर्षानुवर्षं तो तिकडेच जात आला आहे. इथून 50 किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच जालना रोडवर.

आधी काम कसं चालतं ते पाहू. तिथल्या धावपट्टीचं नाव आहे 09/27. हे आकडे होकायंत्राचे. 09 म्हणजे 90 अंश, पूर्व. 27 म्हणजे 270 अंश, पश्चिम. पट्टी एकच, पण तिला दोन तोंडं. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतं, म्हणून वारा पाहून तोंड ठरतं.

दुसरी गोष्ट वेगाची. धावताना विमानाचा एक ‘निर्णयवेग’ असतो. तोवर काही बिघडलं तर ब्रेक लावायचा. तो ओलांडला की मागे फिरणं नाही, उडायचंच. मग ठरलेल्या वेगाला वैमानिक नाक वर उचलतो. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून धाव लांब लागते. मराठवाड्याचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगावा! प्रत्येक विमानतळाला त्याच्या भूमीची अडचण असते. पार उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर 1975 साली सुरू झालेला विमानतळ बारमाही गोठलेल्या जमिनीवर आहे. तिथे पायाखालची जमीनच हलते. आपल्याकडे जमीन पक्की, अडचण वेगळीच होती.

26 एप्रिल 1993. दुपारी एकचा सुमार. इंडियन एअरलाइन्सचं 491 क्रमांकाचं विमान दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेलं, आता मुंबईला निघालेलं. बोइंग 737, आत 118 माणसं. विमान पूर्वेकडे धावलं आणि जवळजवळ पट्टी संपता संपता जमिनीवरून सुटलं. पट्टीच्या टोकालगत बीडचा सार्वजनिक रस्ता, आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चाललेला. विमानाची डावी चाकं आणि डावं इंजिन ट्रकला धडकलं. पुढे सुमारे 3 किलोमीटरवर विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागून कोसळलं. 55 माणसं गेली, 63 वाचली.

संध्याकाळी रेडिओवर बातमी ऐकताना आमच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, “कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.” न्यायाच्या भाषेत हाच काकतालीय न्याय, निव्वळ योगायोग. मलाही त्या दिवशी ते पटलं होतं. आज पटत नाही.

का? चौकशीत दोन कारणं पुढे आली. एक, वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दोन, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. आता पहा. ट्रक त्या क्षणी तिथे असणं हा योगायोग असेल. पण ट्रक तिथे *असू शकणं* हा योगायोग नव्हे, ती व्यवस्था होती. रेल्वेच्या फाटकावर गाडी येण्याआधी आपण थांबतो ना? जिब्राल्टरला तर शहरातला मुख्य रस्ताच धावपट्टी ओलांडून जायचा. विमान आलं की फाटक पडायचं, आणि 2023 मध्ये वाहनांसाठी बोगदा सुरू झाला. फांदी आधीच कुजलेली असेल, तर कावळ्याला दोष देऊन भागत नाही.

आणि दोष देणार तरी कोणाला? ते प्राधिकरण 1995 साली आजच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झालं. ती विमान कंपनीही पुढे एअर इंडियात मिसळली. पाट्या बदलल्या. मेलेल्यांच्या घरचे मात्र तेच राहिले. म्हणून मी म्हणतो, जबाबदारी संस्थेच्या नावाला नव्हे, कामाला चिकटलेली असते. काम ज्याच्याकडे गेलं, उत्तरही त्याच्याकडेच गेलं.

नियमही हेच सांगतात. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे अशा धावपट्टीच्या पट्ट्यापलीकडे किमान 90 मीटर मोकळी सुरक्षित जागा हवी, आणि शिफारस 240 मीटरची आहे. आसपास इमारतीची उंची वाढवायची तरी ना हरकत प्रमाणपत्र लागतं. म्हणजे विमानतळाची हद्द कुंपणापाशी संपत नाही. तिथलं विमान जिथवर कोणाला इजा करू शकतं, तिथवर ती जाते.

2008-09 च्या सुमारास तिथे नवी टर्मिनल इमारत आली, छान आहे. धावपट्टी वाढवायची चर्चा आहे, आणि त्यासाठी शिवारातली जमीन लागणार. ज्याचं वावर जाणार त्याचा प्रश्न खरा आहे; त्याला योग्य मोबदला आणि ऐकून घेणारा माणूस मिळालाच पाहिजे. पण विमानात बसणाऱ्याने, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्यानेही, एक विचारावं: पट्टी किती लांब, हे ठीक, पण ती जिथे संपते, तिथे पुढे काय आहे?

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.