पाणी तेच, पेशी वेगळी

परभणीच्या उन्हात मेथीची जुडी मान टाकते; पाणी शिंपडलं की पुन्हा तरारते. मग जुलाबानं गळालेल्या लेकराला नुसतं पाणी का पुरत नाही? वस्तीत गेलो की आयाबहिणी आम्हाला हे विचारतात.

झाडाच्या पेशीभोवती सेल्युलोजची टणक भिंत असते, तिला पेशीभित्तिका म्हणतात. आत पाण्याची मोठी पिशवी असते, ती रिक्तिका. पाणी शिरून ती फुगते, भिंत तिला आवरून धरते आणि पान ताठ होतं. आपल्या पेशीला अशी भिंत नाही, फक्त पातळ पटल. रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात ठेवली तर फुगून फुटते. म्हणूनच १ लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं.

जुलाबात पाण्याबरोबर शरीरातले क्षारही जातात. मीठ-साखर सोबत असली की आतडं पाणी चांगलं शोषतं. म्हणून ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात घोळा. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाका. दर जुलाबानंतर थोडं थोडं पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका. लेकरू सुस्त पडलं, पिईना किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.