बोटाखाली उमटणारे शब्द

अशी कल्पना करा, की संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही वांद्रे स्टेशनवर बोरिवलीच्या गाडीची वाट पाहत आहात. एवढ्यात घोषणा होते, की गाडी दुसऱ्या फलाटावर येणार आहे. एकच धावपळ उडते. अंध प्रवासी घोषणा ऐकून जिन्याकडे वळतो. बहिरा प्रवासी इंडिकेटर वाचून वळतो. पण ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याने काय करावे? त्याला जाणवतात ते फक्त धक्के!

अशा व्यक्तींना बधिरांध म्हणतात. वांद्रे रेक्लमेशनवर १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणदोषांवर काम चालते, तर बधिरांध मुलांसाठी बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईतच हेलन केलर संस्था सुरू केली. डोळे आणि कान दोन्ही बंद असले, तरी ज्ञानाचा एक दरवाजा उघडा राहतो. तो म्हणजे स्पर्श. तळहातावर बोटाने अक्षरे काढणे, हातात हात घेऊन खुणा करणे, अशा रीतींनी बधिरांध माणसे बोलतात. पण यात एक अडचण आहे. ती खूण जाणणारा माणूस शेजारी हवा. तो नसला, की संभाषण थांबले. म्हणजे कोणाशी बोलायचे हे त्या व्यक्तीच्या हाती उरत नाही.

लहानसे ब्रेल यंत्र ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते. ते कसे, हे पाहू.

ब्रेल लिपीत एका घरात सहा टिंबे असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक टिंब उठलेले असते किंवा नसते. म्हणून २×२×२×२×२×२, म्हणजे ६४ रचना होतात. आपल्या भाषांसाठी १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरविण्यात आली. तिच्यात ‘आ’ म्हणजे ३, ४, ५ ही टिंबे आणि ‘ई’ म्हणजे ३, ५. आता ‘आई’ हा शब्द घ्या. त्यातील पहिल्या घराचे चौथे टिंब उठलेच नाही, तर ‘आई’ची ‘ईई’ होईल! म्हणून यंत्रातले प्रत्येक टिंब वेळेवर उठले पाहिजे आणि वेळेवर बसले पाहिजे.

शेजारशेजारच्या दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असते. एवढेच का? एक प्रयोग करा. केसांचा यू आकाराचा आकडा घेऊन त्याची बोथट टोके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर आणा. मित्राला डोळे मिटायला सांगून ती टोके त्याच्या बोटाच्या अग्राला हलकेच टेकवा. त्याला बहुधा दोन टोके जाणवतील. हीच टोके पाठीवर टेकवली, तर मात्र एकच जाणवेल. बोटाच्या अग्रावर स्पर्शाची ग्राहके दाटीने असतात.

आता टिंब उचलायचे कसे? स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आठवा. खटका दाबला, की आतल्या स्फटिकावर आघात होतो, मोठा विद्युत् दाब निर्माण होतो आणि ठिणगी पडते. हा दाबविद्युत् परिणाम जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधला. योगायोग असा, की हेलन केलर यांचा जन्मही त्याच वर्षीचा! ब्रेल यंत्रात याच्या उलट घडते. विद्युत् दाब दिला, की पदार्थ किंचित लांब किंवा आखूड होतो. अशा सिरॅमिकचे दोन थर एकमेकांना चिकटवून पट्टी करतात. दाब दिल्यावर एक थर लांबतो, दुसरा आखडतो आणि पट्टी वाकते. तापवलेली द्विधातू पट्टी वाकते, तशीच. पट्टीचे मोकळे टोक वरची बारीक पिन उचलते आणि बोटाखाली टिंब उभे राहते. यासाठी सुमारे २०० व्होल्ट लागतात. पण प्रवाह अगदी अल्प असल्याने लहान बॅटरीवरही काम भागते.

हे यंत्र मोबाइलला बिनतारी जोडता येते. समोरच्याने मोबाइलवर मराठीत टाइप केले, की ते शब्द यंत्रावर ब्रेलमध्ये उमटतात. बधिरांध व्यक्ती यंत्राच्या कळांनी उत्तर देते. ते मोबाइलच्या पडद्यावर दिसते. महत्त्वाची गोष्ट ही, की समोरच्याला ब्रेलचा गंधही नसला तरी चालते! तिकीट खिडकीवरचा कारकून, दुकानदार, डॉक्टर, वर्गातला नवा मित्र, कोणाशीही बोलता येते.

मात्र यंत्र म्हणजे जादू नव्हे. वीस घरांचे यंत्र एका वेळी दोन-चार शब्दच दाखवते. प्रत्येक घरात बहुधा आठ टिंबे असतात (दोन संगणकासाठी जादा). म्हणजे १६० पट्ट्या आल्या, आणि किंमतही वाढली. तापल्यावर मूळ आकार घेणाऱ्या मिश्रधातूच्या तारेने टिंबे उचलून खर्च कमी करण्यावर दिल्लीच्या आयआयटीत संशोधन झाले आहे. शिवाय यंत्र वापरण्याआधी भाषा आणि ब्रेल आली पाहिजे, आणि ती शिकवायला माणसाचाच हात लागतो. हसू, कपाळावरची आठी यंत्र आपण होऊन कळवत नाही; ‘मी हसतो आहे’ हेही लिहावे लागते.

शेवटी पुन्हा त्या फलाटावर येऊ. तेथे बधिरांध प्रवासी भेटला, तर त्याला ओढू नका. हळूच हाताला स्पर्श करून आपण आल्याचे कळू द्या. त्याने यंत्र पुढे केले, तर ‘गाडीचा फलाट बदलला आहे’ एवढे टाइप करा आणि उत्तरासाठी थांबा. यंत्र नसेल, तर तळहातावर मोठी, सुटी अक्षरे काढून पाहा. आणि निघताना ‘मी जातो’ हे सांगायला विसरू नका. नाहीतर तुम्ही गेल्यावरही तो तुमच्याशीच बोलत राहील.