शून्याचा रकाना

एक लाख बारीक चौकोनांचा कागद, त्यात आठ चौकोन काळे. शेजारी तसाच दुसरा, त्यात चार काळे. "काका, समजा तुम्ही रात्रीच्या गाडीनं सोलापूरला निघालात. या गाडीत लाख प्रवाशांमागं आठ जण दगावतात, त्या गाडीत चार. त्या गाडीला शंभर रुपये जास्त पडतात. कुठली घ्याल?" सर्वेक्षणासाठी स्वारगेट बसस्थानकाच्या फलाटावर असं विचारलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग कागदावर वाकून काळे चौकोन शोधायला लागतो.

'हो' म्हणाले तर पुढं दोनशे विचारायचे, 'नाही' म्हणाले तर पन्नास. पहिला आकडा प्रत्येक प्रश्नावलीत वेगळा असतो, कारण कानावर पडलेली पहिली रक्कम मनात घर करते. विचारण्याआधी एक वाक्य वाचून दाखवणं सक्तीचं: हे पैसे दिले तर तेवढे घरखर्चातून कमी होतील. ते ऐकल्यावर बरेच जण उत्तर बदलतात.

चौकोनांची ही रीत ब्रिटनमधली. मायकेल जोन्स-ली आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली तिथल्या लोकांना परदेशातल्या लांबच्या बसप्रवासाची कल्पना करायला सांगितली होती. प्रवासखर्चाला २०० पौंड मिळालेत, जोखीम लाखात आठ. सुरक्षित बससाठी वर किती द्याल? अशा अभ्यासांच्या आधारे १९८८ साली तिथल्या वाहतूक खात्यानं वाचलेल्या एका जिवाचं मूल्य ५ लाख पौंड धरलं.

हिशेब सोपा आहे. लाख प्रवाशांनी प्रत्येकी शंभर रुपये दिले तर एक कोटी जमतात आणि चार माणसं वाचतात, म्हणजे एका जिवामागं २५ लाख. पण काळे चौकोन आठावरून एकावर आणले, सात माणसं वाचणार असं दाखवलं, तरी अनेक जण शंभरच सांगतात. मग तोच जीव १४ लाखांच्या आसपास येतो. लाखात चार आणि लाखात एक यांतला फरक पोटात जाणवत नाही, हे मी समोर बसून रोज बघते.

तरीही हे मोजायला हवं असं मला मनापासून वाटतं. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. घाटातला कठडा बांधायचा खर्च रुपयांत लिहिला जातो. वाचणाऱ्या माणसांसमोरचा रकाना कोरा राहिला, तर तो शून्यच धरला जातो.

भीती दुसऱ्या गोष्टीची आहे. दिल्लीतल्या रोज ये-जा करणाऱ्यांवर सोमा भट्टाचार्य, अ‍ॅना अल्बेरिनी आणि मॉरीन क्रॉपर यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. उत्पन्न वाढतं तशी पैसे द्यायची तयारी वाढते, असं त्यात दिसलं. उघडच आहे, खिशात असेल तेवढंच माणूस बोलणार. म्हणून एका देशात सगळ्यांसाठी एकच सरासरी वापरावी. गल्लीनिहाय आकडे काढले तर पहिला कठडा बंगल्यांसमोर बसेल.

आणि मग शून्य. बोचकी घेऊन बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "तिकीट काढलंय की मी. गाडी धड ठेवायचं काम त्यांचं. त्याचे निराळे पैसे कशाला?" अशा उत्तराला शून्य लिहून कारण विचारायचं असतं. परवडत नाही, जोखीम एवढी वाटत नाही, की ही जबाबदारी माझी नाही? शेवटचं कारण आलं तर ते निषेधाचं शून्य. सरासरी काढताना ही शून्यं बहुधा वगळतात. गणितासाठी ते बरोबरच आहे, मावशींना जीव नकोसा झालेला नाही.

पण वगळलेल्या या लोकांकडेच सर्वांत नेमकं बोलणं असतं. १ जुलै २०२३ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. तेव्हापासून लोक मलाच उलट विचारतात: मागचं दार उघडतं का? काच फोडायला हातोडी आहे का? रात्रभर एकच ड्रायव्हर का? यांतलं एकही माझ्या प्रश्नावलीत नाही. मी ते समासात लिहून घेते. अहवालात जिवाच्या आकड्याशेजारीच किती जणांनी पैसे द्यायचं नाकारलं आणि का, हेही छापलं जावं, असा माझा आग्रह आहे. वाहतूक खात्याला त्या पानावरून उद्याच्या उद्या गाड्यांची मागची दारं तपासायला सुरुवात करता येईल.