तुरुंगातला माणूस आणि बाहेरचा दावा

माणूस तुरुंगात गेला की घरचे त्याच्या फौजदारी खटल्यामागे धावतात. पण त्याची शेती, घर, वारसाहक्क बाहेरच असतात.

समजा, भावानं वाटणीचा दावा लावला. समन्स तुरुंग अधिकाऱ्यामार्फत कैद्याच्या हाती येतं. तिथून लेखी कैफियतीला ३० दिवस, कोर्टानं वाढवले तर ९० पर्यंत. आत ना जमिनीचे कागद, ना कायद्याचं पुस्तक. उत्तर गेलं नाही, तर एकतर्फी निकाल होऊ शकतो.

आणि स्वतःच दावा लावायचा असेल तर? मुदतीच्या कायद्यात अज्ञान मुलांना, मनोरुग्णांना सवलत आहे. कैदेत असण्याला नाही. म्हणून मी सांगतो, सुटकेची वाट पाहू नका.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ लक्षात ठेवा. कोठडीतल्या व्यक्तीला दावा लावायला किंवा लढवायला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य मात्र हवं. ही सोय फक्त फौजदारी खटल्यापुरती नाही. दिवाणी दावाही त्यात येतो.

कैद्यानं तुरुंग अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. घरच्यांनी समन्स आणि जमिनीचे उतारे घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, किंवा १५१०० वर फोन करावा. वकीलपत्रावरची सही तुरुंगातच घेता येते.

तुम्ही इंदूरला असा, बेळगावला वा सुरतेला, हा कायदा तोच आहे. समन्स आलेली तारीख मात्र आजच लिहून ठेवा.