टचअपपूर्वी पत्र्याची तयारी महत्त्वाची

पार्किंगमधील खांबाला गाडीचे दार घासते, ओरखड्यातून पत्रा चकाकू लागतो. मालक टचअपची बाटली आणतो आणि त्याच संध्याकाळी ब्रश फिरवून मोकळा होतो. पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी रंगाला फोड येतात. दोष रंगाला दिला जातो. वास्तविक चूक रंगापूर्वीच झालेली असते.

कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटचा थर, विद्युतप्रवाहाच्या साह्याने चढवलेला प्राइमर, रंग आणि शेवटी लॅकर असे थर दिले जातात. या साऱ्यांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित अधिक. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की हे कवच नाहीसे होते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणूनच रंगाखाली राहिलेला कणभर गंजही वरचा थर उचलून धरतो. मुंबई, रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत तर उघड्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस छटा दिसू लागते.

सर्वप्रथम जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि मेण, तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसावी. हे घासण्याआधीच करायचे. अन्यथा पॉलिशचा मेणकट अंश पॉलिश पेपरबरोबर खोल चरांत जाऊन बसतो व प्राइमर तेथे धरत नाही. गंज १८० नंबरच्या पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढावा. मात्र हात आवरता हवा. अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जोराने घासल्यास तोही निघून जातो. सभोवतालच्या रंगाची कड ३२० नंबरच्या पेपरने उतरती करावी. बोट फिरवल्यावर पायरी जाणवली, तर ती रंगानंतरही दिसणारच. खड्ड्यांत दडलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण मिळते. ते हातमोजे घालूनच वापरावे आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे पूर्ण काढून टाकावे. आम्लाचा अंश उरल्यास एपॉक्सी प्राइमरची पकड बिघडते.

यानंतर पुन्हा एकदा द्रावणाने पुसायचे आणि त्या जागेला उघडा हात लावायचा नाही, कारण घामातील क्षार गंजाला आमंत्रण देतात. प्राइमर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात लागला पाहिजे. एकाच जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे. एच प्राइमर धातूला घट्ट धरतो, पण त्यावर थेट लांबी भरू नये. लांबीची गरज असल्यास एपॉक्सी प्राइमर निवडावा. लांबी सच्छिद्र असल्याने ती उघडी ठेवून गाडी पावसात नेणे म्हणजे स्पंजवर रंग देण्यासारखेच. घाईच्या गॅरेजमध्ये हा प्रकार सर्रास पाहायला मिळतो.

बंपर बहुधा प्लॅस्टिकचे असतात. तेथे गंजाचा प्रश्न नाही, प्राइमर मात्र वेगळा लागतो. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. मुसळधार पावसाचे दिवस असतील, तर काम पुढे ढकलावे. तोवर स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर प्राइमरचा एक हात तरी देऊन ठेवावा.